बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय: पुण्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांपैकी अनेक जण दाबोळी विमानतळावर किंवा वास्को स्थानकावर उतरतात आणि तेथून थोड्याच अंतरावर उभी असलेली भारतीय नौदलाची जुनी विमाने न पाहताच किनाऱ्याकडे निघून जातात. ज्यांना ही विमाने पाहायची आहेत, मुलांना दाखवायची आहेत किंवा शाळेची सहल न्यायची आहे, अशांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विमान समोर उभे असताना नेमके काय पाहावे, यावर यात जास्त भर आहे, कारण प्रवासाची माहिती कोठेही मिळते, परंतु पाहण्याची पूर्वतयारी घरूनच करावी लागते.

हे संग्रहालय नेमके कोठे आहे आणि त्यात काय आहे?

दाबोळी विमानतळाजवळून बोगमाळो किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. वास्को शहरापासून ते अगदी जवळ असून भारतीय नौदलाच्या 'आयएनएस हंसा' या हवाई तळाच्या शेजारीच वसलेले आहे. 1998 साली ते सर्वांसाठी खुले झाले. बाहेरच्या मोकळ्या आवारात निवृत्त विमाने आणि हेलिकॉप्टरे उभी आहेत, तर आतल्या दुमजली इमारतीत इंजिने, शस्त्रे, गणवेश, छायाचित्रे आणि नौकांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत.

लष्करी विमान पुण्यातही पाहता येते. मग त्यासाठी गोव्याला का जावे?

घोरपडी परिसरातील दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या आवारात मिग-23 बीएन हे लढाऊ विमान ठेवलेले आहे आणि गोव्याला जाण्याआधी प्रत्येकाने ते आवर्जून पाहावे, असेच आमचे मत आहे. तेथे विमानाच्या पंखांचे खांदे नीट न्याहाळावेत. मिग-23 चे पंख उडत असतानाच मागेपुढे वळत असत. वेग कमी असताना ते पसरलेले राहत आणि वेग वाढला की मागे घेतले जात. बोगमाळोला गेल्यावर सी हॉक किंवा अलिझे या विमानांचे पंखही मध्येच बिजागरीवर जोडलेले दिसतील, परंतु ते हवेत हलवण्यासाठी नसून जमिनीवर, म्हणजे खरे तर नौकेवर, घडी करून ठेवण्यासाठी आहेत. हवाई दलाच्या विमानाला मैलोन्‌मैल धावपट्टी आणि ऐसपैस हँगर मिळते. नौदलाच्या विमानाला मात्र समुद्रात हेलकावणाऱ्या, जेमतेम दोनशे मीटरच्या नौकेवर राहावे, उडावे आणि उतरावे लागते. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विमानाच्या प्रत्येक भागाचा अर्थ लागू लागतो आणि त्यासाठीच गोव्याची ही फेरी सार्थकी लागते.

पुण्याहून जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता?

रेल्वेने जायचे असल्यास पुणे, सातारा, मिरज, बेळगाव, लोंढामार्गे जाणारी गोवा एक्स्प्रेस उत्तम, कारण ती थेट वास्कोपर्यंत जाते आणि तेथून संग्रहालय रिक्षाच्या अंतरावर आहे. खासगी बसने जाणाऱ्यांनी पणजी किंवा मडगावला उतरून वास्कोची बस पकडावी. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच विमानतळ कोणता, हे तपासून घ्यावे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीला उतरल्यास संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे, परंतु 2023 पासून सुरू झालेला मोपा येथील मनोहर विमानतळ उत्तरेकडे पेडणे तालुक्यात असल्याने तेथून बोगमाळोला येण्यासाठी गोव्याचा बराच भाग ओलांडावा लागतो. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी आंबोली किंवा चोर्ला घाटातून यावे आणि संग्रहालयाचा दिवस प्रवासाच्या दिवसाला जोडू नये. रात्रभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला कोणतेही विमान नीट दिसत नाही.

दाबोळीच्या या तळाचा पुण्याशी काही संबंध आहे का?

होय, आणि तो पुणेकरांनी जाणून घेण्याजोगा आहे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त करण्यासाठी 'ऑपरेशन विजय' हाती घेण्यात आले, तेव्हा हवाई दलाच्या कारवाईची सूत्रे पुण्यातील लोहगावच्या तळावरून एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होती. 18 डिसेंबरच्या सकाळी बारा कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर सुमारे 63,000 पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. विमानतळावर उभी असलेली दोन प्रवासी विमाने मात्र त्यांनी जाणीवपूर्वक वाचवली. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे होते आणि पोर्तुगीज वैमानिकांनी फुटक्या धावपट्टीवरूनच ती दोन्ही विमाने उडवून पळवून नेली. त्याच जातीचे, परंतु आपल्या नौदलाच्या सेवेत राहिलेले दुसरे एक विमान आज संग्रहालयाच्या आवारात उभे आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर दाबोळीचा तळ नौदलाकडे आला आणि 1961 साली तमिळनाडूतील सुलूर येथे कार्यान्वित झालेला 'हंसा' 1964 मध्ये येथे हलवण्यात आला.

कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जावे?

सोमवारी संग्रहालय बंद असते. प्रवेशशुल्क माफक आहे. वेळांमध्ये अधूनमधून बदल होत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शक्यतो सकाळी उघडताच पोहोचावे, कारण विमाने उन्हात उभी आहेत आणि दुपारी त्यांच्या जवळ दहा मिनिटेही थांबवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात जाऊ नये असे नाही, परंतु छत्री सावरत पंखाखाली डोकावणे अवघड जाते. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावीच.

पाहायला किती वेळ लागतो?

चालत चक्कर मारून फोटो काढणाऱ्यांचे तासाभरात आटोपते. विमाने खरोखर समजून घ्यायची असतील तर अर्धा दिवस राखून ठेवावा.

सुरुवात कोणत्या विमानापासून करावी?

मोठ्या विमानाकडे पाय आपोआप वळतात, तरीही आमचा आग्रह असा आहे की सुरुवात सीलँड या छोट्या विमानापासून करावी. 1953 साली कोची येथे 'आयएनएस गरुड' हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला, त्या वर्षी नौदलाकडे आलेले पहिले विमान ते हेच. त्याचे पोट नावेच्या बुडासारखे आहे, कारण ते पाण्यावरही उतरू शकत असे आणि चाके असल्याने जमिनीवरही. त्यानंतर फायरफ्लाय पाहावे. मुळात दुसऱ्या महायुद्धातले हे ब्रिटिश लढाऊ विमान, परंतु आपल्या नौदलाने ते लढण्यासाठी घेतले नव्हते. विमानामागे लांब तारेने कापडी नळकांडे ओढत न्यायचे आणि नौकांवरील तोफचींनी त्यावर नेम धरण्याचा सराव करायचा, हे त्याचे काम होते. युद्धात भाग न घेतलेल्या या विमानासमोर लोक क्वचितच थांबतात. एका संपूर्ण पिढीच्या तोफचींचा नेम त्याने घडवला, हे लक्षात ठेवून तरी त्याच्यासमोर थांबावे.

या रांगेतील एचटी-2 हे प्रशिक्षण विमान मराठी माणसाने खास वेळ देऊन पाहावे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीत स्वदेशी आराखड्यावर तयार झालेले आणि ऑगस्ट 1951 मध्ये प्रथम उडालेले हे विमान डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली साकारले. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचे संशोधन केले होते. शाळेच्या सहलीत या विमानापाशी त्यांचे नाव मुलांच्या कानांवर पडलेच पाहिजे.

शेजारचे व्हॅम्पायर हे जेट प्रशिक्षण विमान त्याच्या दुहेरी शेपटीमुळे चटकन ओळखू येते. जेटचे युग सुरू झाले तरी या विमानाच्या वैमानिककक्षाचा सांगाडा बऱ्याच अंशी लाकडाचाच होता, ही गोष्ट सांगितल्यावर मोठ्यांनाही खरी वाटत नाही.

सी हॉक या विमानाला इतके महत्त्व का दिले जाते?

भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला पोहोचली. तिच्यावरचे लढाऊ विमान म्हणजे सी हॉक. 1971 च्या युद्धात 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरमध्ये बिघाड असल्याने तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता आणि विमानवाहू नौकेचा वेग कमी म्हणजे विमानांना उडताना समोरून मिळणारा वाराही कमी. तशाही परिस्थितीत 4 डिसेंबर रोजी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले आणि त्यानंतरच्या दिवसांत पूर्व पाकिस्तानची बंदरे जवळजवळ निकामी झाली. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो तो कराचीवरील क्षेपणास्त्र नौकांच्या हल्ल्यासाठी, आणि ते योग्यच आहे. तथापि पूर्वेकडे त्याच दिवशी काय घडले, हे सी हॉकसमोर उभे राहून आठवावे.

आता जवळून काय पाहावे ते सांगतो. विमानाच्या मागे जाऊन शेपटीच्या टोकाकडे बघा. जेट विमानाला असते तसे धुरांडे तेथे सापडणार नाही. सी हॉकमध्ये एकच इंजिन आहे, रोल्स-रॉइसचे नीन, परंतु त्याचा झोत दोन फाट्यांत विभागून पंखांच्या बुडाशी, दोन्ही अंगांनी बाहेर काढलेला आहे. यामुळे झोताचा मार्ग आखूड झाला आणि विमानाच्या मागच्या भागात इंधनासाठी जागा मोकळी झाली. त्यानंतर पंखाच्या मधोमध असलेली घडीची रेघ शोधावी आणि शेवटी शेपटीखालचा हूक. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक तार या हूकमध्ये अडकली तर विमान थांबे. एकही तार अडकली नाही, तर वैमानिकाला पुन्हा इंजिनाला पूर्ण जोर देऊन डेकच्या टोकावरून उडावे लागे. एवढाच हूक, पण परतीच्या प्रत्येक उड्डाणाचा भार त्याच्यावर होता. लोकांनी नाकापुढे उभे राहून फोटो काढण्याआधी मागे जाऊन तो पाहावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

अलिझे हे पंखा असलेले विमान जेटच्या काळात कशासाठी होते?

पाणबुडी शोधण्याच्या कामात वेगापेक्षा चिकाटी महत्त्वाची असते. तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालायच्या, पाण्यात ध्वनिग्राहक बोये (तरंगत राहून पाण्यातला आवाज टिपणारी उपकरणे) टाकायचे आणि ऐकत राहायचे, या कामासाठी फ्रेंच बनावटीचे हे तीन आसनी विमान 'विक्रांत'वर होते. त्याच्या पोटाखाली रडारचा घुमट असून तो गरजेनुसार खाली सोडता आणि आत घेता येत असे. पंखांखाली चाकांसाठी केलेले फुगीर भाग दिसतात, त्यांतच हे बोये भरलेले असत. जागेची बचत म्हणजे काय, हे या एका विमानावरून कोणत्याही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकवता येईल. 1971 च्या युद्धात अलिझेंनी पूर्वेकडे रात्रीच्या मोहिमाही पार पाडल्या.

तीन शेपट्यांचे ते प्रचंड विमान कोणते?

ते लॉकहीडचे सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनांचे हे विमान मुळात प्रवासी वाहतुकीसाठी बनलेले. एअर इंडियाच्या ताफ्यातील ही विमाने पुढे हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आल्यावर तेथून नौदलात आली. त्यांच्यासाठी उभारलेल्या 312 क्रमांकाच्या तुकडीनेच पुढे टीयू-142 आणि त्यानंतर पी-8आय ही सागरी टेहळणी विमाने चालवली. उभी शेपटी एकच ठेवली असती तर ती हँगरच्या दारापेक्षा उंच झाली असती, म्हणून तीन बुटक्या शेपट्या दिल्या, असे त्यांचे कारण सांगितले जाते. पुढचे चाक अतिशय उंच पायावर आहे, कारण पंखे जमिनीला लागू द्यायचे नव्हते. एके काळी देशविदेशांतील प्रवासी नेणारे विमान अरबी समुद्रावर परक्या नौकांचा माग काढू लागले, हा बदल समजून घेण्यासाठी त्याच्या भोवती एक संथ फेरी मारावी.

सी हॅरियर खरोखर जागच्या जागी वर उडत असे का?

उडू शकत असे, पण सहसा उडत नसे. सरळ वर उठण्यासाठी संपूर्ण वजन इंजिनाच्या जोरावर पेलावे लागते, त्यामुळे इंधन आणि शस्त्रे कमी न्यावी लागतात. म्हणून नौकेवरून थोडी धाव घेऊन, टोकाशी वर उचललेल्या उतारावरून झेप घ्यायची आणि परतताना, वजन कमी झालेले असताना, हवेत थांबून सरळ खाली उतरायचे, अशी पद्धत होती. विमानाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार नळ्या दिसतात. त्या फिरवता येत असल्यामुळेच झोत मागे किंवा खाली वळवता येई. चाकांची रचनाही पाहण्यासारखी आहे. मुख्य चाके पोटाखाली एकामागे एक असून तोल राखण्यासाठी पंखांच्या बाजूला लहान आधारचाके आहेत. 1983 च्या अखेरीस भारतात आलेली ही विमाने 'विक्रांत' आणि 'विराट' या दोन्ही नौकांवर राहिली. मे 2016 मध्ये येथेच, हंसा तळावर, त्यांना निरोप देण्यात आला.

हेलिकॉप्टरांपैकी कोणते चुकवू नये?

कामोव-25. त्याच्या शेपटीवर छोटा पंखा नाही. पात्यांचे दोन संच एकावर एक बसवलेले असून ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत नाही आणि शेपूट आखूड ठेवता येते. विनाशिकेच्या छोट्या डेकवर उतरण्यासाठी ही रचना फार उपयोगी पडली. सी किंग हे पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर 1971 मध्ये आले. समुद्रावर हवेत स्थिर राहून ते सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारे उपकरण, खाली पाण्यात सोडत असे. चेतकच्या जातीची हेलिकॉप्टरे आजही आकाशात दिसतात, त्यामुळे तेथे फार वेळ थांबले नाही तरी चालेल.

इमारतीच्या आत जाणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि ऊन चढल्यावर तर सोयीचेही आहे. उघडी ठेवलेली इंजिने आधी पाहावीत, कारण बाहेर विमानाच्या पोटात लपलेला भाग येथे डोळ्यांसमोर येतो. पाणतीर, बॉम्ब आणि बोये यांवरूनही बाहेर पाहिलेल्या गोष्टींचा उलगडा होतो. विमानवाहू नौकांच्या प्रतिकृतींपाशी मुलांना थांबवून डेकची लांबी आणि त्यावरची विमाने यांचे प्रमाण दाखवावे.

'विक्रांत' आणि 'विराट' या मूळ नौका आता कोठे पाहता येतील?

कोठेही नाही. 'विक्रांत' 1997 मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलीही असेल. 2014 मध्ये ती मोडीत निघाली. 2017 मध्ये निवृत्त झालेली 'विराट' 2020 मध्ये गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठी नेण्यात आली. 'विक्रांत' नावाची स्वदेशी बनावटीची नवी नौका 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली, परंतु ती कार्यरत युद्धनौका आहे. त्यामुळे ज्या डेकवरून आपले वैमानिक 1971 मध्ये उडाले, तो डेक आता शिल्लक नाही. त्या डेकवर राहिलेल्या प्रकारची विमाने मात्र येथे हाताच्या अंतरावर उभी आहेत. म्हणूनच या संग्रहालयाला आम्ही सहलीतला जोडमुक्काम मानत नाही.

विमानांना हात लावता येतो का, आत बसता येते का?

बहुतेक विमाने बाहेरूनच पाहायची असतात आणि दोरी किंवा कुंपण असेल तेथे ते ओलांडू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला आणि रंगाला आधीच पुष्कळ सोसावे लागते. त्यात रोज शेकडो हात लागले, मुले पंखांना लोंबकळली आणि नळ्यांमध्ये कागद-बाटल्या पडल्या, तर ही विमाने पुढच्या पिढीपर्यंत टिकणार नाहीत. गड-किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचा आपल्याला जेवढा संताप येतो, तेवढाच येथेही यावा.

छायाचित्रे काढता येतात का?

संग्रहालयातील विमानांची छायाचित्रे काढता येतात. कॅमेऱ्यासाठी वेगळे शुल्क असल्यास ते तिकीट खिडकीवर भरावे. शेजारी नौदलाचा चालू हवाई तळ आहे, त्यामुळे त्या दिशेने कॅमेरा रोखू नये आणि ड्रोन तर आणूच नये. लोहगावला विमानात बसताना जे नियम पाळतो, तेच येथेही लागू आहेत, कारण लोहगावही हवाई दलाचा तळ आहे.

शाळेची सहल किंवा ज्येष्ठ नागरिकांचा गट न्यायचा असल्यास काय तयारी करावी?

गट मोठा असल्यास आधी कळवून परवानगी आणि वेळ ठरवून घ्यावी. मुलांना माहितीफलक उतरवून घ्यायला लावू नये. त्याऐवजी प्रत्येक गटाला एकच शोध द्यावा: एका गटाने पंखांच्या घड्या शोधाव्यात, दुसऱ्याने हूक, तिसऱ्याने झोताच्या नळ्या. मुले आपोआप विमानाच्या मागे आणि खाली पाहू लागतात. ज्येष्ठांसोबत असताना बाहेरचा भाग सकाळी पाहून घ्यावा आणि ऊन वाढले की आतल्या दालनात बसावे. त्यांच्यापैकी अनेकांना 1971 मधले रात्रीचे ब्लॅकआउट आणि खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आठवत असतात. त्यांना बोलू द्यावे आणि मुलांना तेथेच जवळ बसवावे.

गोव्याचे संग्रहालय पाहून झाल्यावर पुढे कोठे जावे?

विशाखापट्टणमला. तेथे रामकृष्ण किनाऱ्यावर 2017 पासून टीयू-142 विमानाचे संग्रहालय आहे आणि त्या महाकाय विमानाच्या आतून चालत जाता येते. समोरच 'कुरसुरा' ही पाणबुडी आहे. अलिझे आणि सी किंग ज्या प्रकारच्या शत्रूचा शोध घेत होते, तो आतून कसा असतो, हे तेथे पाहायला मिळते. मात्र क्रम बदलू नये. आधी बोगमाळो, मग विशाखापट्टणम.